जुनी मोटार, कंपनीची कार्यशाळा आणि कोपऱ्यावरचे गॅरेज

होटगी रस्ता आणि विजापूर रस्ता यांच्यामध्ये पसरलेले जुळे सोलापूर ही प्रामुख्याने नोकरदारांची वसाहत आहे. शिक्षक, कारकून, निवृत्त अधिकारी अशा मंडळींनी आयुष्याच्या पुंजीतून येथे घरे बांधली आणि कर्जाचे हप्ते फेडून एखादी मोटार दारात आणली. त्यांपैकी कितीतरी मोटारी आता दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. हप्ते संपले, वॉरंटी संपली आणि नेमक्या याच वेळी दुरुस्तीचा खर्च दार ठोठावू लागला. अशा वेळी गृहस्थापुढे एकच प्रश्न उभा राहतो : गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी, की कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे?

युरोप-अमेरिकेत हा वाद विशेषतः जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या शौकीन मालकांमध्ये रंगतो. आपल्याकडे तशा मोटारी विरळा. परंतु प्रश्नाचे अर्थशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच, की तेथील शौकिनाच्या दृष्टीने तो हौसेचा खर्च असतो. येथील मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने तो महिन्याच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न असतो. म्हणूनच त्याचा विचार गॅरेजच्या ओट्यापुरता न ठेवता बाजाररचनेच्या संदर्भात करणे अगत्याचे आहे.

दोन बिलांतील अंतर

एकाच कामाची दोन बिले शेजारी ठेवली तर त्यांतील तफावत पाहून ग्राहक चक्रावतो आणि कोणीतरी आपल्याला लुबाडत असले पाहिजे, असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. या तफावतीची कारणे निरनिराळी असून ती वेगळी करून पाहिली पाहिजेत.

पहिले कारण आस्थापनेच्या खर्चाचे. अधिकृत कार्यशाळेला कंपनीने ठरवून दिलेली जागा, यंत्रसामग्री, प्रशिक्षित कामगार, वातानुकूलित प्रतीक्षागृह, संगणकीय नोंदी हे सारे पोसावे लागते. हा बोजा मजुरीच्या दरात उतरतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजात मालक स्वतःच कारागीर असतो, हाताखाली दोन पोरे असतात आणि जागेचे भाडे माफक असते. दुसरे कारण कराचे. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असलेल्या छोट्या व्यावसायिकाला वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे त्याच्या मजुरीवर कर लागत नाही. मोठ्या कार्यशाळेच्या मजुरीवर १८ टक्के कर लागतो. येथपर्यंतच्या फरकात कोणाची लबाडी नाही.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, ते म्हणजे काम करण्याच्या पद्धतीचे. स्टार्टर नादुरुस्त झाला, तर स्वतंत्र मेकॅनिक तो उघडतो, ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून झिजलेले कार्बन ब्रश बदलून घेतो आणि पुन्हा बसवतो. पुढच्या चाकाच्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटला, तर लेथवाल्याकडे प्रेसवर नवा बुश बसवून घेतो. अधिकृत कार्यशाळेत बहुधा संपूर्ण स्टार्टर किंवा संपूर्ण आर्मच बदलला जातो. त्यामागे तर्क नाही असे नव्हे. कारागिराचा वेळ तेथे महाग असतो आणि केलेल्या कामाची हमी द्यावयाची असते. नव्या मोटारीच्या बाबतीत हा तर्क पटण्यासारखा आहे. परंतु ज्या मोटारीचे आयुष्य चार-पाच वर्षेच उरले आहे, तिच्यात पंधरा वर्षे टिकणारा नवा भाग घालणे म्हणजे अखेरच्या वर्षाच्या भाडेकरूने घराला संगमरवरी फरशी बसवण्यासारखे आहे.

चौथे कारण सुट्या भागांच्या किमतीचे, आणि खरा प्रश्न येथेच आहे.

आयोगाने काय पाहिले

जानेवारी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे एक तक्रार आली. मोटार कंपन्या आपले अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजांना काम करणे अशक्य होते आणि ग्राहकाला अधिकृत विक्रेत्याकडेच जावे लागते, असा तिचा आशय होता. आरंभी तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीची व्याप्ती पुढे वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना दोषी ठरवून त्यांच्या सरासरी उलाढालीच्या दोन टक्के, म्हणजे एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्र यांच्यापासून मर्सिडीज, बीएमडब्ल्यूपर्यंतची नावे त्या यादीत होती.

या निर्णयातील आर्थिक विवेचन अभ्यासण्याजोगे आहे. कंपन्यांचा युक्तिवाद असा होता, की मोटारींच्या बाजारात तीव्र स्पर्धा आहे; ग्राहक मोटार घेतानाच तिच्या पुढील देखभालीचा खर्च विचारात घेतो; सबब सुट्या भागांचा बाजार वेगळा मानण्याचे कारण नाही. आयोगाने तो मान्य केला नाही. मोटार घेताना सामान्य ग्राहकाला पुढील दहा-पंधरा वर्षांत कोणता भाग कधी निकामी होईल आणि त्या वेळी त्याची किंमत काय असेल, याचा हिशेब मांडता येत नाही. त्यासाठी लागणारी माहितीच त्याच्यापाशी नसते. एकदा मोटार घेतली, की तिला दुसऱ्या कंपनीचा भाग चालत नाही. म्हणजे पहिल्या बाजारात स्पर्धा असली, तरी दुसऱ्या बाजारात प्रत्येक कंपनी आपापल्या भागांपुरती मक्तेदार ठरते. काही भागांवरील नफ्याचे प्रमाण खरेदीकिमतीच्या शंभर टक्क्यांहून अधिक असल्याचेही चौकशीत पुढे आले.

दंडाला अर्थातच आव्हान दिले गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलांवर निर्णय देताना कायदाभंगाचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र संपूर्ण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजावा, असे ठरवले. दंडाच्या रकमेपेक्षा आयोगाने दिलेले निर्देश ग्राहकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. सुटे भाग व उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करावीत, भागांच्या किमती जाहीर कराव्यात, आणि मोटार बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने बजावले.

हा विचार जगाला नवा नव्हता. ग्राहकाने विशिष्ट नावाचाच भाग वापरावा अशी अट घालून वॉरंटी देण्यास अमेरिकेने १९७५ च्या कायद्यानेच मनाई केली होती. १९९२ साली कोडॅक कंपनीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, मूळ यंत्राच्या बाजारात स्पर्धा असूनही दुरुस्तीच्या बाजारात मक्तेदारी असू शकते, ही शक्यता मान्य केली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. मोटारी, शेती अवजारे, भ्रमणध्वनी व विद्युत उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू ही त्याची चार क्षेत्रे. पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

सोलापूरचा धडा

या प्रश्नाशी सोलापूरचे नाते केवळ ग्राहकाचे नाही. भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, वालचंद हिराचंद, यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची मोटार बनवली. तीच नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघरी पोहोचली. या शतकाच्या आरंभापर्यंत पद्मिनीचे उत्पादन थांबले. तरीही मुंबईत २००३ साली नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होती. उत्पादन थांबल्यावर वीस वर्षे मोटार चालू राहते, ती कंपनीच्या काचेरी दालनांच्या बळावर नव्हे. खुल्या बाजारात मिळणारे भाग आणि ते बसवू शकणारे गल्लीबोळांतील कारागीर यांच्या बळावर ती चालते.

याउलट अलीकडचा अनुभव पाहावा. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली; २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. विक्रीनंतरची सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दोघींनीही दिले. परंतु नवी विक्री नसताना गावोगावी कार्यशाळा चालवणे विक्रेत्याला परवडत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कंपनी जाते, मोटार राहते आणि तिचा सांभाळ अखेर स्वतंत्र मेकॅनिकलाच करावा लागतो. त्याच्या हाती भाग व माहिती पोहोचलीच नसेल, तर त्याने तरी काय करावे?

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना देशी-विदेशी मोटार कंपन्यांसाठी कॅमशाफ्ट तयार करतो. मोटारीचे बहुसंख्य भाग असेच पुरवठादार बनवतात. मोटार कंपनी त्यांवर आपले नाव घालते. पुरवठादारांनी तेच भाग परस्पर बाजारात विकू नयेत अशा आशयाचे करार उद्योगात होते आणि आयोगाने आक्षेप घेतला तो त्यांवरच. भाग तोच, कारखाना तोच. वेष्टन बदलले की किंमत बदलते.

गॅरेजवाल्याचीही बाजू तपासावी

असे असले, तरी स्वतंत्र गॅरेजचे केवळ गुणगान करणे हा भाबडेपणा होईल. तेथे पक्के बिल क्वचित मिळते, आणि बिल नसेल तर ग्राहक आयोगाकडे दाद मागताना पुराव्याची पंचाईत होते. अस्सल म्हणून डुप्लिकेट भाग बसवला गेल्यास तो ओळखण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते. ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्या बाबतीत अशी फसगत जिवावर बेतू शकते. शिवाय मोटारच बदलली आहे. कार्ब्युरेटरची मोटार कान देऊन दुरुस्त करता येई. २०१० नंतर टप्प्याटप्प्याने दोषनोंद यंत्रणा सक्तीची झाली आणि २०२० च्या भारत स्टेज ६ मानकांनंतर इंजिन व प्रदूषण नियंत्रण यंत्रणा अधिकच गुंतागुंतीची झाली. तेथे कान पुरत नाही, स्कॅनर लागतो आणि त्यावरील आकड्यांचा अर्थ लावणारे शिक्षण लागते. एअरबॅग, एबीएस किंवा कंपनीने परत बोलावलेल्या सदोष भागांची कामे अधिकृत कार्यशाळेतच करून घेणे शहाणपणाचे. क्लच, सस्पेन्शन, स्टार्टर, रेडिएटर अशी यांत्रिक कामे मात्र वॉरंटी संपल्यावर चांगला मेकॅनिक निम्म्या गाजावाजात आणि तितक्याच चोखपणे करू शकतो.

आयुष्य कोण ठरवते?

या प्रश्नाचे खरे गांभीर्य एका साध्या हिशेबातून ध्यानात येईल. समजा, एका निवृत्त शिक्षकाच्या मोटारीपासून, पेट्रोल व विमा वजा जाता, त्याला वर्षाला ३५,००० रुपयांची सोय मिळते. म्हणजे मोटार नसती तर रिक्षा व इतर वाहनांवर तेवढा जादा खर्च झाला असता. दुरुस्ती वर्षाला २५,००० रुपयांत होत असेल, तर मोटार ठेवणे फायद्याचे. तीच दुरुस्ती ४५,००० रुपयांना पडू लागली, तर मोटार विकणे किंवा भंगारात काढणे भाग पडते. दोन्ही उदाहरणांत इंजिन तेच, चाके तीच. मोटारीचे आयुष्य संपवले ते झिजेने नव्हे, दुरुस्तीच्या दराने. सुट्या भागांची किंमत ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, जुनी मोटार कधी मरावी हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. आणि तीच कंपनी नवी मोटार विकायला उभी असते. मक्तेदारीचा हा दुहेरी लाभ डोळ्यांआड करता येणार नाही.

शिवाय दुरुस्तीवर खर्च झालेला रुपया बव्हंशी गावातच राहतो. मेकॅनिक, लेथवाला, ऑटो-इलेक्ट्रिशियन, डेंटिंग-पेंटिंग करणारा अशी एक साखळी त्यावर जगते. गिरण्या बंद पडल्याची झळ सोसलेल्या सोलापुरासारख्या शहराला अशा स्वयंरोजगाराची किंमत अधिक कळावी.

उपाय अवघड नाहीत. भागांच्या किमती सर्वांना पाहता येतील अशा जाहीर करणे, दोष शोधण्याची उपकरणे व दुरुस्तीच्या पुस्तिका वाजवी शुल्कात देणे, उत्पादन थांबल्यावरही ठरावीक काळ भाग पुरवण्याचे बंधन घालणे, या गोष्टींना कायद्याचे बळ हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरील कराचा दर १८ टक्के झाला. त्यापूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. शासनाने आपला वाटा कमी केला. आता कंपन्यांच्या वाट्याकडे पाहण्याची वेळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जुन्या मेकॅनिकांसाठी सायंकाळचे अल्पमुदतीचे वर्ग काढता येतील. गॅरेजवाल्यांनीही पक्के बिल आणि बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती देण्याची शिस्त अंगी बाणवली पाहिजे. विश्वास हे त्यांचे भांडवल आहे आणि त्याचीही झीज होत असते.

मोटार कंपन्यांनी नफा मिळवू नये, असे कोणी म्हणत नाही. पण वस्तू विकल्यानंतर तिच्यावरचा हक्क विकत घेणाऱ्याचा असतो. ती कोणाकडून आणि किती खर्चात दुरुस्त करावी हे ठरवता येत नसेल, तर पूर्ण किंमत मोजूनही ग्राहक आपल्याच दारातील मोटारीचा भाडेकरू ठरतो.