गेटवे राहू द्या, आत्या आलीय!

पाहुणे आले की आपण बदलापूरकर त्यांना थेट लोकलमध्ये कोंबतो. गेटवे, चौपाटी आणि सुजलेले पाय घेऊन घरी! होळीनंतर आलेली साताऱ्याची आत्या मात्र म्हणाली, "मुंबई पाहिलीय गं. तू राहतेस ते दाखव." एप्रिलमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. हातात रविवार एकच.

सकाळी उल्हासनगर, दाल-पकवान. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे लष्कराच्या बराकींत राहिली, म्हणून रिक्षावाल्याला आजही कॅम्प नंबर सांगायचा. पकवान चावेना, तर आत्याने ते डाळीत बुडवून फस्त केलं.

मग अंबरनाथचं शिवमंदिर. शिलाहारांचं, 1060 सालचं. ऊन चढायच्या आत गाठा, बाहेरच्या शिल्पांपुढे तास जातो (मोबाइल खिशात ठेवून, प्लीज). गाभारा मात्र खाली, पायऱ्या उतरून. आई म्हणाली, "वन्सं, इथूनच नमस्कार करा." आत्या ऐकतेय कसली! माझा हात धरून, मध्येमध्ये बसत उतरली. वर यायला पंधरा मिनिटं लागली. कुणी घड्याळ बघितलं नाही.

संध्याकाळी बारवी धरणाच्या रस्त्याला पळस फुललेला.

"तुमची ती बदलापूरची जांभळं कधी येतात?"

"मे-जूनमध्ये."

"मग तेव्हा येते. चालत."