चाकांची पारख

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या बोरीवलीच्या घरांत एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूवरून दोन दिवस अबोला झाला. वस्तु म्हणजे स्केटच्या बुटांचीं आठ चाकें. माझी बारा वर्षांची पुतणी सोसायटीच्या अंगणांत मैत्रिणींसह रोलर हॉकी खेळते. बंदिस्त सभागृहांतील सामन्यांत पाहिलेलीं तसलीं मऊ, महाग चाकें तिनें हट्टानें आणविलीं, आणि महिन्याभरांत तीं खोडरबराप्रमाणें झिजलीं. “पैसे पाण्यांत गेले. हा खेळ सभागृहांतलाच, आतां पुरे!” असें तिच्या वडिलांनीं फर्माविलें. मुलगी रडवेली होऊन मजकडे आली व म्हणाली, “काका, दोष माझ्या खेळाचा कीं चाकांचा?”

खरें म्हणजे निवड चुकली होती. आणि खेळ सभागृहांतलाच हें म्हणणेंहि मला पटलें नाहीं. एका ओळींत चाकें असलेले हे स्केट १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मिनेसोटाच्या स्कॉट व ब्रेनन ओल्सन या बंधूंनीं प्रचारांत आणले, ते बर्फावरील हॉकीचा सराव उन्हाळ्यांतहि व्हावा म्हणून!

चाकें पॉलियुरेथेन या द्रव्याचीं असतात व त्यांचें काठिण्य ‘शोअर ए’ या मापानें सांगतात. आंकडा जितका मोठा तितकें चाक कठीण. गुळगुळीत फरशीवर ७४ ते ७८ चें मऊ चाक उत्तम, कारण तें जमिनीस धरून राहतें. तेंच खरबरीत डांबरावर वा सिमेंटावर आणलें, कीं कानशीवर लाकूड घासावें तशी त्याची गत होते. बाहेरच्या खेळास ८२ ते ८५ चें घ्यावें. मूल अंगानें हलकें असल्यास ८० च्या आसपासचेंहि चालतें. फार कठीण घेण्याचा मोह मात्र नको. प्रत्येक हादरा गुडघ्यापर्यंत पोंचतो व वळणावर पाय निसटतो.

व्यास बहुधा ७२, ७६ किंवा ८० मिलिमीटर असतो. मोठें चाक खडे व पेव्हर ब्लॉकमधील फटी सहज ओलांडतें, लहान चाकावर चपळाईनें वळतां येतें. बुटाखालच्या चौकटींत केवढें मावेल हें दुकानांत जाण्यापूर्वीं मोजावें. आम्हीं मोजलें नाहीं आणि एक खेप फुकट गेली. बेअरिंगवरील मोठ्या आंकड्यांना मी तरी भुललों नाहीं. धूळ पुसून तेलाचा थेंब दिला कीं पुरे.

चाकाची आंतली कड आधीं झिजते. म्हणून अधूनमधून पहिलें व तिसरें, दुसरें व चवथें अशी अदलाबदल करून झिजलेली कड बाहेरच्या बाजूस घ्यावी. हें काम पुतणी रविवारीं सकाळीं गॅलरींत बसून करते, आणि तिचे वडील, कांहीं न बोलतां, ॲलन की हातीं देतात.

ओल्या फरशीवर कोणतेंच चाक भरंवशाचें नाहीं. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर तिनें ८४ चीं चाकें काढून, कोरडीं करून डब्यांत ठेविलीं. निम्म्याहून अधिक शिल्लक होतीं.