गांजाचा कर आणि मजुराची भाकर

गांजाची विक्री कायदेशीर करावी कीं न करावी, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. त्याच्या वैद्यकीय अंगाचा विचार आम्हीं येथें योजिला नाहीं. परंतु या बदलाच्या समर्थनार्थ दोन आर्थिक लाभ वारंवार सांगण्यांत येतात : सरकारी तिजोरी भरेल, आणि बेकारांस काम मिळेल. शाळा चालविणारांचा पहिल्याशीं आणि शाळा सोडून जाणारांचा दुसऱ्याशीं निकट संबंध असल्यामुळें, हे दोन्ही लाभ पारखून घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानाच्या मतदारांनीं २०१२ सालीं हा कायदा केला व १ जानेवारी २०१४ पासून तेथें उघड दुकानें सुरू झालीं. १५ टक्के जकातीपैकीं दरसालचे पहिले ४ कोटी डॉलर सार्वजनिक शाळांच्या इमारतींस द्यावे, असें आरंभीं ठरलें होतें. त्यांतून शाळांस साह्य झालें, हें नाकारतां येत नाहीं. २०२१ सालीं विक्री सुमारें २२० कोटी डॉलर होऊन कर ४२ कोटींवर गेला. पुढें शेजारच्या संस्थानांतही दुकानें निघालीं, पीक वाढलें व भाव निम्म्याहून खालीं आले. २०२४ सालीं विक्री १४० कोटींच्या आसपास आली आणि कर पंचवीस-सव्वीस कोटींवर उतरला. ज्या उत्पन्नाची अशी भरती-ओहोटी होते, त्यावर शाळेचें छप्पर किती काळ टिकणार? आणि तें टिकविण्याचा मार्ग तरी कोणता? लोकांनीं अधिक ओढावें, हाच. ज्या व्यसनापासून मुलांस परावृत्त करावयाचें, त्याच्याच वाढीची आशा शिक्षकानें मनांत धरावी, असा हा विपरीत प्रसंग आहे.

आमच्या देशास हा पेच नवा नाहीं. १८९३-९४ सालच्या हेंप ड्रग्ज कमिशननें ११९३ साक्षीदार तपासून, सरसकट बंदी न करतां परवाने व कर यांनीं नियमन करावें, असा अभिप्राय दिला होता. १९३७ सालीं प्रांतिक मंत्रिमंडळें अधिकारारूढ झालीं, तेव्हां दारूबंदी केल्यास शिक्षणास पैसा कोठून आणावा, हा प्रश्न उभा राहिला. मुलांच्या शिक्षणास आबकारीचा आधार असावा ही गोष्ट महात्मा गांधींस लज्जास्पद वाटली, व त्याच सालीं वर्ध्यास उद्योगमूलक शिक्षणाची योजना पुढें आली. यहूदानें परत टाकलेलीं रुप्याचीं तीस नाणीं मंदिराच्या भांडारांत घालण्यास याजकही कचरले, हेंही येथें स्मरावें.

आतां मजुरीकडे वळूं. कॅनडांत ऑन्टारिओ प्रांतांत स्मिथ्स फॉल्स नांवाचें सुमारें नऊ हजार वस्तीचें गांव आहे. तेथील हर्शीचा चॉकलेटचा कारखाना २००८ सालीं बंद पडला. पुढें त्याच इमारतींत गांजाची कंपनी आली आणि गांवकऱ्यांस पुन्हां काम मिळालें. १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं कॅनडानें देशभर विक्री खुली केली, तेव्हां भरभराटीस सीमा राहणार नाहीं असें भासलें. परंतु खपापेक्षां पीक फार झालें, भाव पडले, आणि प्रत्येक ग्रॅमवर निदान एक डॉलर ही ठरीव जकात भाव पडल्यावर अधिकच जड झाली. फेब्रुवारी २०२३ मध्यें त्या कंपनीनें एकंदर सुमारें ८०० नोकर कमी करून तो कारखाना बंद करण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं ती इमारत मूळच्या चॉकलेटवाल्यांनीं परत विकत घेतली! काम मिळालें होतें हें खरें. पण तें भांडवलदारांच्या सट्ट्यावर उभें होतें, आणि सट्टा फसतांच पहिली कुऱ्हाड मजुरावर पडली.

दुसरें असें कीं, कायद्यानें जें मोकळें केलें, तें मालक मोकळें मानीलच असें नाहीं. २०१५ सालीं कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानें, एका पंगु रुग्णानें कामाच्या वेळेबाहेर औषध म्हणून गांजा घेतला असतांही मालकानें त्यास काढणें वैध ठरविलें. कारण संघराज्याचा कायदा तो गुन्हा मानीत होता. शिवाय गांजाचा अंश मूत्रांत कित्येक दिवस राहतो. म्हणून त्या परीक्षेनें मनुष्य यंत्रापुढें नशेंत होता कीं नाहीं, हें कळत नाहीं. कॅलिफोर्नियानें १ जानेवारी २०२४ पासून याविषयीं कामगारांस कांहीं संरक्षण दिलें. परंतु तें सर्वत्र नाहीं.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र आम्हांस वजनदार वाटतें. कॅनडांत चोरटा व्यापार पुष्कळ घटला. तसेंच चिमूटभर गांजासाठीं तुरुंगांत गेलेल्या तरुणास पुढें कोणी नोकरीस ठेवीत नाहीं, आणि ही शिक्षा बहुधा गरिबासच भोवते. अमेरिकेंत सेवनाचें प्रमाण जवळजवळ सारखें असतांही काळ्या लोकांस गोऱ्यांच्या पावणेचार पट अटक होते, असें तेथील सिव्हिल लिबर्टीज युनियननें २०१३ सालीं दाखविलें. ही गोष्ट न्यायाची आहे, आणि न्यायासाठीं शिक्षा सौम्य करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु गरिबास तुरुंगांतून सोडविणें निराळें आणि त्यास दुकानाचें गिऱ्हाईक करणें निराळें. पहिल्यासाठीं दुसरें करावेंच लागतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे : कोणताही धंदा राज्यास काय देतो हें विचारतांना, तो घेतो कोणाकडून, हेंही विचारावें. दोन्ही बाजू मांडल्यावांचून जमाखर्च पुरा होत नसतो.