तीस खुर्च्यांची सवलत रद्द करा!

चेन्नईतल्या मराठी बंधुभगिनींनो,

गेल्या महिन्यात शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात आपल्यापैकीच एका कुटुंबाचं साखरपुड्याचं जेवण होतं. हॉलला लागून काचेची एक खोली, तिच्यावर धूम्रपान कक्षाची पाटी. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवलेली होती, कायद्याला हवी तशी. पण ते दार मिटू नये म्हणून त्याच्या आड सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट सरकवून ठेवला होता. आतबाहेर करणाऱ्या वेटरच्या दोन्ही हातांत ट्रे होता, त्याला दार ढकलता येत नव्हतं. पोरगा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा, ओडिशाकडचा. आत जायचा, ग्लास ठेवायचा, भरलेले ॲशट्रे उचलायचा आणि तोंड बाजूला करून खोकत बाहेर यायचा. त्याच्या मागोमाग धूरही हॉलमध्ये यायचा. पहिल्या टेबलावर एक बाळंतीण तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. मॅनेजरला बोलावून हे दाखवलं, तर तो शांतपणे म्हणाला, "आम्हाला परवानगी आहे सर. आमच्याकडे तीसपेक्षा जास्त सीट्स आहेत."

त्या उत्तरासाठी हे पत्रक आहे.

सार्वजनिक जागी सिगारेट ओढू नये हे आता आपल्यापैकी कुणाला पटवून द्यायची गरज नाही. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी तसा आदेश दिला. २००३ मध्ये संसदेने कायदा केला. तमिळनाडूचेच अन्बुमणी रामदास केंद्रात आरोग्यमंत्री असताना २ ऑक्टोबर २००८ पासून ऑफिस, मॉल, सिनेमागृह, बार, कॅन्टीन अशा सगळ्या ठिकाणी बंदी लागू झाली. इतकं सगळं झालं, आणि तरीही २००३ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाला एक शेपूट चिकटून राहिलं. ज्या हॉटेलात तीस खोल्या आहेत किंवा ज्या रेस्टॉरंटमध्ये तीस किंवा त्याहून जास्त माणसं बसू शकतात, तिथे आणि विमानतळांवर धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येईल, असं ते शेपूट सांगतं. चेन्नईतला वेटर आजही धूर गिळतो आहे तो या शेपटामुळे.

हा तीसचा आकडा नीट बघा. मैलापूरच्या गल्लीत बारा खुर्च्यांची मेस चालवणाऱ्या माणसाने गिऱ्हाईकाला आत सिगारेट पेटवू दिली तर तो गुन्हा. त्याच रस्त्याच्या टोकाला दीडशे खुर्च्यांचं वातानुकूलित रेस्टॉरंट आहे, तिथे तीच सिगारेट कायदेशीर. धूर माणसं मोजून कमी विषारी होत नाही. उलट जिथे जास्त माणसं बसतात आणि जास्त माणसं राबतात, तिथेच सूट दिली आहे. आरोग्याच्या कायद्यात मोठ्या गल्ल्याला मिळालेली ही सवलत आहे, आणि तिला दुसरं कोणतंही नाव देणं लबाडी ठरेल.

"पण खोली वेगळी असते ना?" हे पहिलं आणि सर्वांत आवडतं उत्तर. ठीक आहे, खोलीबद्दल बोलू. २००८ च्या नियमांप्रमाणे या खोलीला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात. दार आपोआप मिटणारं हवं. आतली हवा पंख्याने थेट इमारतीबाहेर फेकली गेली पाहिजे, बाकीच्या हवेत मिसळता कामा नये. खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे दार उघडलं की बाहेरची हवा आत ओढली जाईल आणि आतली बाहेर येणार नाही. कागदावर हे सगळं उत्तम आहे. पण दाराला क्रेट लावला की दाबाचा हिशेब संपतो. आणि क्रेट लावला नाही, दार मिनिटामिनिटाला उघडत राहिलं, तरी प्रत्येक वेळी माणसाच्या अंगाबरोबर धूर बाहेर येतोच. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने हे स्वच्छ शब्दांत मांडलं: दुसऱ्याच्या धुराचं असं कोणतंही प्रमाण नाही की जे सुरक्षित म्हणता येईल, आणि वेगळी खोली किंवा पंखे लावून हा धोका पूर्ण टळत नाही. ज्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्याची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

साहुकारपेठेच्या गल्ल्यांत सोनं-चांदी गाळायचा, म्हणजे गलाईचा धंदा करणाऱ्या आपल्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसांना तर हे सांगायलाही नको. तेजाबाची वाफ छोट्या खोलीत कशी साचते, पंखा कितीही जोराचा असला तरी घशात काय उरतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं भोगलं आहे. त्यांना कुणी म्हणावं की एका भिंतीला भोक पाडून पंखा बसवला म्हणजे हवा शुद्ध झाली! ते तुम्हाला दारापर्यंत पोचवून येतील.

सरकारलाही हे कळलेलं आहे. २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि धूम्रपान कक्षात कोणतीही सेवा द्यायची नाही, असं ठरलं. याचा अर्थ काय? आत वेटर पाठवणं म्हणजे त्याला अपाय करणं, हे सरकारने लेखी मान्य केलं. मग मला एवढंच सांगा, तिथले ॲशट्रे कोण रिकामे करतं? जमिनीवरची राख कोण पुसतं? काचेवरचा पिवळा थर रात्री कोण घासतं? आपण घरी निघून गेल्यावर साडीचा पदर नाकाला बांधून कुणीतरी अक्का त्या खोलीत शिरते. तिचं काम 'सेवा' या शब्दात बसत नाही, म्हणून नियमाला ती दिसत नाही. खोली आहे तोवर तिच्यात कुणी ना कुणी पगारी माणूस जाणारच. माणूस न जाणारी खोली हवी असेल तर खोलीच नको.

याच सवलतीच्या दारातून हुक्का आत आला, हेही विसरू नका. मुंबईत महापालिकेने परवान्याच्या अटी घालून हुक्का पार्लर बंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ८ डिसेंबर २०१४ रोजी निकाल लागला: कायदाच धूम्रपानाच्या जागेला परवानगी देतो, तर त्या जागेत हुक्काही चालेल. न्यायालयाने कायदा वाचला आणि कायद्यात जे होतं ते सांगितलं. दोष कायद्यातल्या शेपटाचा. तीन वर्षांनी, २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली. १४ माणसं गेली, त्यांतली बरीचशी स्वच्छतागृहात अडकून गुदमरली. चौकशीत बोट हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे दाखवलं गेलं. तिथे हुक्क्याला परवानगी होती की नव्हती, हा मुद्दा वकिलांसाठी ठेवा. धुराचा धंदा जेवणाच्या टेबलाशी आणून बसवायची सवय या शहरांना लागली ती सवलतीने लावली. महाराष्ट्राला हुक्का पार्लर बंद करायचं शहाणपण आलं ते २०१८ मध्ये, चौदा चिता पेटल्यावर. तमिळनाडू विधानसभेने २०२२ मध्ये हुक्का बार बंद करण्यासाठी केंद्राच्या या कायद्यात आपली दुरुस्ती केली. म्हणजे राज्याला हात लावता येतो. मग तीस खुर्च्यांना हात का लावत नाही?

"धंदा बुडेल" असं हॉटेलवाले म्हणतात. २००८ मध्येही म्हणाले होते. स्थगिती मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले होते, ती मिळाली नाही, आणि त्यानंतर या देशातली हॉटेलं बंद पडलेली कुणी पाहिली असतील तर त्याने पुढे यावं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे भारतातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. शंभरातले ८९ ओढत नाहीत! महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ टक्के. एवढ्यांसाठी काचेची खोली, पंखा, वीज आणि एका पोराची फुप्फुसं खर्ची घालणं याला धंद्याची अक्कल म्हणत नाहीत. न्यूयॉर्कने २००३ मध्ये बार आणि रेस्टॉरंटमध्ये संपूर्ण बंदी केली, तेव्हाही हीच ओरड झाली होती. वर्षभरानंतरच्या सरकारी आढाव्यात त्याच बार-रेस्टॉरंटांकडून आलेला कर ८.७ टक्क्यांनी वाढलेला निघाला.

"मालकाची जागा आहे, त्यालाच ठरवू द्या" असंही सुचवलं जातं. हा प्रयोग स्पेनने करून पाहिला. २००६ मध्ये तिथे १०० चौरस मीटरपेक्षा लहान बारच्या मालकांना निवड करायची मुभा दिली. बहुतेकांनी धूर निवडला. पाच वर्षं कामगारांनी तो सोसला आणि शेवटी २ जानेवारी २०११ पासून स्पेनला सगळीकडे सरसकट बंदी करावी लागली. आपणही पाच वर्षं वाया घालवावीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या पाच वर्षांत आपल्या मुलाला वेटर म्हणून त्या खोलीत पाठवावं.

आता ज्या उत्तराने खरोखर संताप येतो त्याकडे वळतो. "वेटरला त्रास होत असेल तर त्याने दुसरी नोकरी बघावी." असं म्हणणारे चांगले शिकलेले, चांगल्या घरातले असतात. मी हे वाक्य मराठीत ऐकलं आहे, आपल्याच लोकांच्या तोंडून. ओडिशातल्या गंजामहून किंवा बिहारमधून रेल्वेत उभा राहून आलेला पोरगा, महिन्याचा पगार गावी पाठवणारा, हॉटेलच्याच मागच्या खोलीत आठ जणांबरोबर झोपणारा, त्याने नोकरी सोडायची, म्हणजे राहायची जागाही सोडायची. आणि ज्याला पंधरा मिनिटं बाहेर रस्त्यावर जाऊन सिगारेट ओढणं सहज शक्य आहे, त्याने मात्र खुर्चीवरून उठायचं नाही. हा कोणता न्याय? कॅनडात हेदर क्रो नावाच्या एका बाईने चाळीसएक वर्षं हॉटेलांत वेट्रेस म्हणून काम केलं. आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही. २००२ मध्ये तिला फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. उरलेली वर्षं ती गावोगाव जाऊन आपल्यासारख्या कामगारांसाठी बंदी मागत हिंडली आणि २००६ मध्ये गेली. तिलाही कुणीतरी म्हणालंच असेल की नोकरी बदल.

बंदीने काय होतं, तेही मोजलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून सरसकट बंदी आली. तिथल्या नऊ रुग्णालयांत, बंदीआधीच्या दहा महिन्यांच्या तुलनेत नंतरच्या तेवढ्याच काळात, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणारे रुग्ण १७ टक्क्यांनी कमी झाले. यातली घट सर्वांत जास्त कुणात? कधीच सिगारेट न ओढलेल्यांत, २१ टक्के. ज्यांचा सिगारेटशी संबंधच नव्हता, ते वाचले. आणि आपल्याकडे? वर सांगितलेल्याच सर्वेक्षणात बंद जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांनी कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर घ्यावा लागतो असं सांगितलं. दहातले तीन.

"चेन्नईची हवा तरी कुठे शुद्ध आहे? आधी मणली-एन्नोरच्या चिमण्या बघा, अण्णा सालैवरच्या गाड्या बघा." बघू, जरूर बघू. पण असं म्हणणाऱ्यांपैकी एकही मणलीच्या लोकांबरोबर निवेदन घेऊन गेलेला मला दिसलेला नाही. दुसरा रोग दाखवून पहिल्याचं औषध थांबवायचं, एवढाच त्यांचा डाव.

एक गोष्ट स्पष्ट करतो. टपरीबाहेर फुटपाथवर चहाचा ग्लास हातात धरून विडी ओढणारा ऑटोवाला या पत्रकाचा विषय नाही. उघड्या आभाळाखाली दुसऱ्याच्या तोंडावर न सोडलेल्या धुराशी माझं भांडण नाही, त्याला विडी सोडवायची असेल तर ते काम डॉक्टरांचं. माझं भांडण छताखालच्या, पगारी माणसाला कोंडून घातलेल्या आणि कायद्याने मान्य केलेल्या धुराशी आहे.

आणि शिक्षा किती? जास्तीत जास्त २०० रुपये. वीस सिगारेटींच्या चांगल्या पाकिटाला याहून जास्त पैसे पडतात. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात दंड २,००० रुपये करायचा होता, हॉटेल-रेस्टॉरंटांची ही सवलतही काढायची होती. तो मसुदा कायदा झाला नाही. दिल्ली हलत नसेल तर फोर्ट सेंट जॉर्जने हलावं. हुक्क्यासाठी कायदा दुरुस्त करणाऱ्या विधानसभेला चौथ्या कलमातल्या त्या दोन ओळी खोडणं अवघड नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. साखरपुडा, बारसं, मंडळाच्या गणपतीची बैठक, ऑफिसची पार्टी, जे काही हॉटेलात ठरवायचं असेल त्याआधी फोनवर विचारा: धूम्रपान कक्ष आहे का? असेल तर बुकिंग करू नका, आणि का करत नाही ते तिथल्या तिथे सांगा. आधीच पैसे भरून बसला असाल तर क्रेट लावलेलं दार, आत जाणारा ट्रे यांचा फोटो घ्या, वेटरचा चेहरा येऊ देऊ नका, नाहीतर नोकरी त्याची जाईल. नियमाप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. ते नाव विचारा, नसेल तर का नाही ते विचारा, आणि तक्रार लेखी द्या. तक्रारीनंतर मालकाने काही केलं नाही तर जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याला लागतो, हेही त्याला वाचून दाखवा. तमिळ येत नसेल तर शेजाऱ्याला बरोबर घ्या. आपल्या भागातल्या आमदाराच्या कार्यालयात चार जण मिळून जा आणि एकच मागणी ठेवा: चौथ्या कलमातली तीस खोल्या आणि तीस खुर्च्यांची सवलत तमिळनाडूपुरती रद्द करा.