कापलेले धवले

मोरा, करंजा, नागाव… लग्नसराई रंगते तेव्हा उरणमधल्या व्हिडिओ संकलकांचा खरा हंगाम भरात असतो. हळदीची अख्खी रात्र दोन-तीन कॅमेऱ्यांत आणि ड्रोनवर साठलेली असते. घरच्यांना हवा असतो मिनिटभराचा रील, तोही पाहुणे पांगण्याआधी. आधी बेंजोचा ठेका लावायचा, मग त्या ठेक्यावर दृश्यं कापत जायची. या कापाकापीत पहिला बळी जातो धवलारिणीचा, म्हणजे धवले ही पारंपरिक लग्नगीतं गाणाऱ्या बाईचा. तिचे धवले संथ, बैठक एकाच जागी. ठेक्यात काही बसत नाहीत. (नाचणाऱ्या मामांना मात्र कात्री लावायची कुणाची छाती नाही!)

काय ठेवायचं हे ठरवणं, हीच संकलकाची कला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या चित्रपट संकलक रेणू सलुजा यांना या कलेसाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण चित्रपटाची पटकथा तरी कागदावर असते. आगरी-कोळी लग्नातले धवले मुख्यतः तोंडपाठ चालत आले. म्हणून उरणच्या संकलकांना विनंती: रील खुशाल कापा, पण हार्ड डिस्क रिकामी करण्यापूर्वी धवल्यांचं मूळ चित्रीकरण, आवाजासकट, घरच्यांच्या हवाली करा.