पाण्याचा ताळेबंद

सृष्टीस न ओरबाडतां आपण संसार कसा चालवितां, असें आम्हीं गेल्या अंकीं वाचकांस विचारिलें होतें. पुष्कळ पत्रें आलीं. एक भगिनी तांदुळाचें धुवण कढीलिंबास घालितात. एक गृहस्थ जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवून बाजारास नेतात. वाचून आम्हांस संतोष झाला, आणि लाजही वाटली.

इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यांत, मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी जात असतां, आम्हीं अंगणांत खोल कूपनलिका खणविली. आम्हांस पाणी लागलें. शेजारच्या काकूंचा आड मात्र पंधरवड्यांत आटला. भूमीखालील पाण्यास कुंपण नसतें, हें आम्हीच वर्गांत शिकवीत असूं! काकूंनीं शब्दही काढिला नाहीं. रोज दोन घागरी मात्र आमच्या दारून नेऊं लागल्या.

नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं हें तत्त्व आचरणांत आणिलें. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें गांवानें शेतीसाठीं कूपनलिका वर्ज्य केल्या, ऊस सोडिला, आणि पाऊस मोजून ग्रामसभेंत पिकें ठरविण्याचा प्रघात पाडिला.

त्यांचें पाहून आम्हीं छपराचें पाणी गाळून काकूंच्या आडांत सोडिलें. श्रावणांत काकू म्हणाल्या, "मास्तर, आतां घागर तुम्ही न्या."

वाचकहो, पुढील पत्रीं गुणांसवें आपले प्रमादही कळवावे.