दुभाष्याचा शोध

परक्या मुलखात गेलेल्या मनुष्याला पहिली गरज भासते ती दुभाष्याची. त्याच्यापाशी विद्या असेल, पैसा असेल, हेतूही निर्मळ असेल. परंतु त्याचे बोलणे समोरच्याला कळत नसेल, तर या साऱ्याचा उपयोग शून्य. यंत्रांच्या जगातही हाच न्याय आहे. संगणक हे एक यंत्र, आणि त्याला बाहेरून जोडावयाची वस्तू हे दुसरे. दोघांची बोली निराळी. त्यांच्यामध्ये उभी राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून देणारी जी लहानशी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'हाकणारा' असा असला, तरी त्याचे काम गाडीवानाचे नसून दुभाष्याचे आहे. या दुभाष्याचा शोध कसा घ्यावा, हे आपल्या मुलामुलींना शाळेतच शिकविले पाहिजे, असे माझे मत आहे. आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे.

कोणी म्हणेल, भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाने या भानगडीत का पडावे? परंतु प्रश्न आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. 'विंडोज १०' या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली जुन्या यंत्रांना सहसा स्वीकारीत नाही. तिला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ज्यांचा पडदा, कळफलक, स्मृती सर्व काही धडधाकट आहे अशा कित्येक यंत्रांपुढे दोनच वाटा उरल्या : भंगारवाल्याचा तराजू, किंवा लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालून मिळणारे दुसरे आयुष्य. या दुसऱ्या आयुष्याच्या उंबरठ्यावर एक क्षुल्लक दिसणारी अडचण उभी असते. जुन्या टेबलावरच्या संगणकात वायरलेसची सोय बहुधा नसते. ती पुरविण्यासाठी नखाएवढा यूएसबी अडॅप्टर आणावा, तो खोचावा, तर संगणक त्याला ओळखीतच नाही. मग 'यंत्र बिघडले' असा निकाल दिला जातो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. दुभाषी आलेला नसतो, एवढेच. चार शब्दांच्या अज्ञानापायी एखाद्या घरातील मुलीचा संगणक रद्दीत जावा, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही.

आता हा दुभाषी सापडत का नाही? कारण बहुतेक लोक तो डबीवरचे नाव वाचून शोधतात. येथेच सारी चूक होते, आणि ती समजण्यास आपल्या गावाएवढे चांगले ठिकाण नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती; त्या दिवसापासून आपण भोपाळकडे पाहू लागलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर व पांढुर्णा त्यात आले. बोरगावातील दुकानांच्या पाट्या वाचीत जा. अक्षरे सगळीकडे देवनागरीच, पण एक पाटी मराठी तर दुसरी हिंदी. माझी स्वतःची मातृभाषा कोकणी. तीही मी देवनागरीतच लिहितो. परंतु तीच कोकणी कोणी रोमन, कोणी कन्नड, तर कोणी मल्याळम लिपीत लिहितो. तुमच्या पणजोबांच्या पेटीतील कागद मोडीत असतील, तरी भाषा मराठीच असेल. तात्पर्य, एका लिपीत अनेक भाषा असतात आणि एक भाषा अनेक लिप्यांत असते. लिपी पाहून जो भाषा ठरवील, तो हमखास फसेल.

वायरलेस अडॅप्टरचे अगदी असेच आहे. डबी आणि तिच्यावरील नाव ही लिपी. आत बसविलेली चिप ही भाषा. रियलटेक, मीडियाटेक यांसारख्या मोजक्या कंपन्या चिपा बनवितात, आणि त्याच चिपा पन्नास नावांच्या डब्यांतून विकल्या जातात. उलट, एकाच नावाच्या डबीत कालांतराने वेगळी चिप येते. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टीपी-लिंक कंपनीचा 'टीएल-डब्ल्यूएन७२२एन' हा अडॅप्टर. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉस कंपनीची एआर९२७१ ही चिप होती; दुसऱ्या आवृत्तीत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, आतला बोलणारा निराळा. पहिल्याचा ड्रायव्हर दुसऱ्याला देणे म्हणजे कानडी मनुष्यापुढे बंगाली दुभाषी नेऊन उभा करणे होय.

मग खरी ओळख कशी पटवावी? यूएसबीची योजना करणाऱ्यांनी ही सोय प्रारंभीच करून ठेवली आहे. यूएसबीचे पहिले मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. ते घडविणाऱ्या अभियंत्यांत इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. या मानकानुसार प्रत्येक वस्तू संगणकाला जोडताच दोन क्रमांक सांगते : पहिला उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. आपण जसे आडनाव व नाव सांगतो, तसेच. हे क्रमांक सोळा अंकांच्या पद्धतीने लिहितात, म्हणजे शून्य ते नऊ व पुढे इंग्रजी ए ते एफ. वर सांगितलेल्या अडॅप्टरची पहिली आवृत्ती '०सीएफ३:९२७१' असे सांगते, तर दुसरी '२३५७:०१०सी' असे. डबीवरची शाई फसवील, पण हा क्रमांक सहसा फसवीत नाही.

विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून पिवळ्या उद्गारचिन्हाच्या वस्तूवर जावे, आणि तिच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या भागात 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. व्हीआयडी व पीआयडी या अक्षरांपुढे दोन्ही क्रमांक दिसतील. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही एकच आज्ञा पुरते. हा क्रमांक हाती आला की निम्मे काम झाले. नंतर अडॅप्टरच्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन, मागील चिठ्ठीवरची आवृत्ती ताडून पाहून ड्रायव्हर घ्यावा. तेथे न मिळाल्यास 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'मध्ये हाच क्रमांक घालून शोधावे. मिळालेल्या ड्रायव्हरबरोबर 'आयएनएफ' या शेपटीची एक फाइल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडता येते, आणि कोणकोणत्या क्रमांकांची भाषा या दुभाष्याला येते, याची यादी तीत लिहिलेली असते. आपला क्रमांक तीत नसेल, तर तो ड्रायव्हर आपल्या कामाचा नाही. प्रमाणपत्र वाचल्यावाचून दुभाषी नेमू नये, हाच याचा अर्थ.

लिनक्सची रीत थोडी वेगळी आहे, आणि मला ती अधिक भावते. तेथे पुष्कळसे दुभाषी प्रणालीच्या गाभ्यातच, ज्याला कर्नल म्हणतात त्यात, राहावयास असतात. अडॅप्टर खोचताच ते पुढे येतात. काही अडॅप्टरना मात्र ड्रायव्हरखेरीज 'फर्मवेअर' नावाची आणखी एक फाइल लागते. ती चिपच्या स्वतःच्या पोटात उतरते. डेबियन या प्रणालीने २०२३ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून अशा फाइली स्थापनेच्या संचातच घातल्या, त्यामुळे नवख्यांचा मोठा त्रास वाचला. कर्नलची मदतही वाढते आहे. रियलटेकच्या कित्येक यूएसबी चिपा बराच काळ गाभ्याबाहेरच्या ड्रायव्हरवर अवलंबून होत्या. फेब्रुवारी २०२३ मधील ६.२ या कर्नलपासून त्यांतील काहींना घरातला दुभाषी मिळाला, आणि २०२५ मधील ६.१४ पासून आणखी काहींना. बाहेरचा ड्रायव्हर आणून बांधता येतो, नाही असे नाही; परंतु कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. रोजंदारीचा दुभाषी आणि घरचा दुभाषी यांत जो फरक, तोच हा.

आणखी दोन अडचणी वारंवार भेटतात. पहिली म्हणजे, जाळ्यात शिरावयाचे तर ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर आणावयाचा तर जाळे हवे! विहिरीत उतरावयाचा दोर विहिरीच्याच तळाशी, असा हा प्रकार. यावर उपाय घरातच असतो. अँड्रॉइड फोन तारेने संगणकाला जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' चालू केले, की फोनच काही काळ जाळ्याचा दरवाजा होतो. दुसरी अडचण चमत्कारिक आहे. काही अडॅप्टर प्रथम स्वतःला सीडी म्हणून सादर करतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ती सीडी 'इजेक्ट' केली की अडॅप्टर आपले खरे रूप प्रकट करतो. लिनक्समध्ये हे काम 'यूएसबी-मोडस्विच' ही आज्ञावली करते. हे ठाऊक नसलेला मनुष्य वस्तू नादुरुस्त समजून परत करतो.

येथवर मी सोय सांगितली. आता धोका सांगतो. 'तुमचे सर्व ड्रायव्हर आम्ही फुकट शोधून देतो' अशी दवंडी पिटणारी स्थळे जाळ्यात पैशाला पासरी आहेत. त्यांतील बरीच माणसाच्या घाईवर पोट भरतात. ड्रायव्हर हा संगणकाच्या अंतःपुरात वावरणारा नोकर आहे. अनोळखी माणसाला ती किल्ली देणे हे घर लुटण्याचे आमंत्रण होय. म्हणूनच विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांत २००७ सालच्या व्हिस्टापासून ड्रायव्हरवर अधिकृत स्वाक्षरी असावी, असा दंडक आहे. जो मार्गदर्शक 'आधी ती स्वाक्षरीची तपासणी बंद करा' असे सांगतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा. आपल्या मुलांना परक्यावर विश्वास ठेवू नका असे आपण शिकवितो. परकी आज्ञावली हीसुद्धा परकीच, हे शिकविणे अद्याप राहून गेले आहे.

यावर एक आक्षेप येतो. अडॅप्टर स्वस्त आहे. एक चालला नाही तर दुसरा घ्यावा, एवढा अभ्यास कशाला? मी त्यांना आपल्याच शिवारातले उदाहरण देतो. आपल्याकडचा शेतकरी संत्र्याचे कलम घेताना पिशवीचा रंग पाहून घेतो काय? तो प्रथम विचारतो, खुंट कोणता : जंबेरी की रंगपूर? कारण वर डोळा कितीही चांगला भरला, तरी जमिनीशी बोलणार खुंट. जो बागेच्या बाबतीत इतका चोखंदळ, तो सीताबर्डीच्या दुकानात मात्र 'कोणताही द्या' म्हणतो, आणि दुकानदारही चिप विचारल्यास डबी पुढे करतो. न विचारता घेतलेला दुसरा अडॅप्टर पहिल्यासारखाच मुका निघाला तर? विचारण्याची विद्या नसेल, तर स्वस्त वस्तू फार महाग पडते.

दुसरा आक्षेप असा की, हातोहाती फोन असता जुना संगणक हवाच कशाला? फोनवर पाहता येते, ऐकता येते. पण चार पानांचा निबंध नीट लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, स्वतः एखादी आज्ञावली रचणे, ही कामे बैठकीची आहेत. फोन मुलांना मुख्यतः ग्राहक करतो. संगणक त्यांना कर्ता करू शकतो. शहरातील मुलांना हे साधन सहज मिळते. आपल्याकडे ते बहुधा जुने आणि कोणीतरी वापरून टाकलेले मिळणार. म्हणूनच जुन्याला जिवंत ठेवण्याची विद्या आपल्यालाच अधिक हवी.

आणि या विद्येचा इतिहासही स्फूर्तिदायक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या एका प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे नवे छपाईयंत्र आले. कागद अडकला की सर्वांना कळावे, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. परंतु यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. त्या नकाराने ते अस्वस्थ झाले, आणि १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालीच्या 'ग्नू' कार्याची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल लिहिला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या आपल्या संस्थेनेही पुढे भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तयार केली. म्हणजे एका छपाईयंत्राशी बोलता न आल्याची खंत जगाच्या एवढ्या उपयोगी पडली! दुभाषी बंद खोलीत ठेवणारा आणि त्याला चव्हाट्यावर आणणारा, या दोघांत मी कोणाच्या बाजूचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून माझी सूचना साधी आहे. संगणकाच्या तासाला वर्षातून निदान दोन तास या कामासाठी राखावेत. चार निरनिराळे अडॅप्टर मुलांपुढे ठेवावेत, डब्या बाजूला काढाव्यात, आणि प्रत्येकाचा क्रमांक वाचून त्याचा ड्रायव्हर शोधण्यास सांगावे. शाळेने व पालकांनी खरेदी करताना ज्या चिपेचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, तीच मागावी. सापडलेले उत्तर एका वहीत क्रमांकासह लिहून ठेवावे, म्हणजे पुढल्या वर्षीच्या मुलांना तीच वाट पुन्हा चाचपावी लागणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, या अभ्यासाने तुम्ही सर्व अभियंते व्हाल असे नाही. परंतु वस्तूचे खरे नाव शोधल्यावाचून निकाल देऊ नये, प्रमाणपत्र वाचल्यावाचून विश्वास टाकू नये, आणि जो बोलत नाही त्याला मुका ठरविण्यापूर्वी त्याची भाषा कोणती ते विचारावे, एवढे जरी तुमच्या अंगी बाणले, तरी ते दोन तास सार्थकी लागले असे मी समजेन. शेवटची गोष्ट तर यंत्रांपेक्षा माणसांनाच अधिक लागू आहे. दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या तुम्हा मुलांना ती इतरांहून लवकर उमजावी, अशी माझी अपेक्षा आहे.